अन् चुकलं तर?

आमच्या भागात शेतीचं काही सांगायला आलेल्या बहुतेक माणसांनी अक्काचा एक प्रश्न ऐकलेला आहे. ती माणसं कृषी खात्याची असोत, विद्यापीठाची असोत, एखाद्या संस्थेची असोत की औषधाच्या कंपनीची. तक्ते दाखवून होतात, पत्रकं वाटून होतात, चहा फिरतो आणि आभार मानायला कोणीतरी उठणार एवढ्यात मागून आवाज येतो, “समदं बराबर हाय साहेब. अन् चुकलं तर?”

विचारण्यात टोमणा नसतो. दुकानात भाव विचारावा तितक्या सरळपणे ती विचारते. ऐकणाऱ्यांच्या मात्र तऱ्हा असतात. काही हसून वेळ मारून नेतात. काही ‘चुकणारच नाही’ अशी छातीठोक ग्वाही देतात. त्यांच्याकडे अक्का पुन्हा बघत नाही. थोडे असे निघतात की खाली बसतात, वही उघडतात आणि म्हणतात, चला, मांडून बघू. मी आज हेच काम करतो. लहान शेतकऱ्यांना, त्यातही बायकांना, कोरडवाहू शेतीचं प्रशिक्षण देतो. त्यासाठीची पदवी मला विद्यापीठाने दिली. वही उघडून बसायची सवय अक्काने लावली, आणि पदवीपेक्षा ती सवय जास्त कामी आली.

अक्का माझ्या नात्यातली नाही. तिचं गाव शेजारचं, आडनाव वेगळं, भावकी वेगळी. आमच्या घराचा उंबरा तिने पहिल्यांदा ओलांडला तो भूकंपानंतर. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली आमची घरं दगडमातीची, वर माळवद. ऊन लागू नये म्हणून वर्षानुवर्षं माळवदावर टाकलेली माती हजारो माणसांच्या अंगावर आली. जी गावं पार झोपली त्यांचं पुनर्वसन नव्या जागी झालं. ते वर्तमानपत्रांत आलं, जगाने पाहिलं. त्यांच्या पलीकडे हजाराहून अधिक गावं अशी होती की घरं उभी होती, पण भिंती तडकलेल्या. लोक महिनोन्महिने अंगणात, पत्र्याखाली झोपत होते. या घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने घेतला. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाला मिळायचे आणि काम त्याने स्वतः करून घ्यायचं. हे गावाला समजावून सांगायला गावोगावच्या बायका पुढे आल्या. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम उभं केलं. अक्का त्यातली एक. सातवी शिकलेली, डोक्यावरचा पदर न ढळू देता इंजिनिअरशी भांडणारी.

तिचं काम तेव्हा शेतीचं नव्हतंच. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपे आधार ठोका, हे ती घरोघर सांगे आणि नंतर येऊन मोजून बघे. आमच्या घरी गवंड्याने दोन आरपार दगड बसवून काम झाल्याचं सांगितलं. अक्काने भिंतीवर हात फिरवत दोन्ही बाजूंनी दगडांची तोंडं मोजली आणि नकाशाप्रमाणे बाकीचे कुठे आहेत ते विचारलं. गवंडी म्हणाला, “बाई, तीस वर्षं भिंती बांधाय लागलोय. काय हुत न्हाई.” अक्का म्हणाली, “अन् झालं तर? भितीखाली ही निजणार हाय, तू न्हाई.” ‘ही’ म्हणजे माझी माय. गवंड्याने दगड बसवले.

तिचा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो असा, भिंतीच्या संदर्भात. पुढे तोच प्रश्न बियाण्याला, खताला, कर्जाला, नव्या यंत्राला लागू होताना पाहिला. चूक होईल तेव्हा तिच्याखाली कोण सापडणार, हे आधी ठरवा आणि मग त्या माणसाला विचारून काम करा, एवढंच तिचं म्हणणं. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. पडलेली घरं पाहून आलेलं ते शहाणपण होतं.

आमची जमीन साडेतीन एकर. निम्मी काळी, निम्मी मुरमाड. विहीर आहे, पण फेब्रुवारीनंतर तिच्यात आभाळ दिसतं एवढंच. दादा, म्हणजे माझे वडील, हंगामात लातूरच्या आडत बाजारात हमालीला जात. त्यामुळे पेरणी सोडली तर शेताचं सगळं मायच्या अंगावर. सातबारा मात्र दादांच्या नावावर. गावात शेतीची कोणतीही बैठक असली की निरोप सातबाऱ्यावरच्या नावाला यायचा. दादा लातूरला असले की निरोपही उंबऱ्यावरून परत जायचा. निंदण, खुरपण, काढणी, बी निवडणं, ते मडक्यात राखेत ठेवणं हे जिच्या हातून होतं तिला बोलवायचं कोणाच्या डोक्यातच येत नसे. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या नावावर थोडी जमीन करून द्यायची. काही गावांत ते झालं. आमच्या गावात त्याची नुसती चर्चा झाली.

इथे आणखी एका माणसाचं देणं नोंदवतो. आमच्याकडे तेव्हा एक कृषी सहायक होते. गाव त्यांना फक्त ‘साहेब’ म्हणे. ऐंशीच्या दशकात राज्यात ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना आली होती. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात जायचं, काही निवडक ‘संपर्क शेतकऱ्यांना’ सांगायचं, त्यांच्याकडून ते बाकीच्यांपर्यंत झिरपेल अशी त्यामागची कल्पना. संपर्क शेतकरी साहजिकच विहीरवाला, रस्त्याकडेच्या शेताचा, चहा पाजू शकणारा असे. झिरपणं तिथेच थांबायचं. साहेब त्या पठडीतच वाढलेले होते, पण पाटलाच्या मळ्यातलं काम आटोपलं की मोपेड ढकलत आमच्या वस्तीवर येत. मातीचा नमुना कसा घ्यायचा ते त्यांनी मला शाळेत असताना दाखवलं. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, कडेची पातळ खाप, सगळ्या खापा एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार. कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक ते मला आणून देत. अक्काशी त्यांचं सख्य होतं, आणि त्याचं कारण साधं होतं. ‘अन् चुकलं तर?’ या प्रश्नाला त्यांचं ठरलेलं उत्तर असे, “मग अक्का, दोन गुंठ्यांत करा. चुकलं तर दोन गुंठेच चुकतील.”

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आमच्याकडे सोयाबीन शिरलं आणि बघता बघता ज्वारी, मूग, उडीद मागे पडले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातात, लातूरला तेलाचे कारखाने, आडत्याकडे रोख पैसा. त्याबरोबर दर जून महिन्याला बियाण्याची पिशवी विकत घेण्याची सवय लागली, बहुतेकांना उधारीवर. कृषी सेवा केंद्रातून पिशवी आणायची, सोयाबीन निघालं की व्याजासकट हिशेब मिटवायचा. साहेब सांगत की सोयाबीन स्वपरागित पीक आहे, सरळ वाणाचं बी आपलं आपण दोन-तीन वर्षं वापरता येतं. लोकांना पटायचं आणि तरी ते पिशवी आणायचे. घरचं बी उगवलं नाही तर हंगाम जाईल, ही भीती खरी होती. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ. अंकुर सालीच्या अगदी खाली. पोतं उंचावरून आपटलं तरी दाणा आतून दुखावतो आणि वरून काही दिसत नाही.

या भीतीवरचा इलाज अक्काने आमच्या अंगणात करून दाखवला. तिच्या बचत गटाच्या दहा-बारा बायका होत्या, मे महिन्याची सकाळ होती. माय आपल्या पोत्यातल्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून मूठ-मूठ बी घेऊन आली. अक्काने त्यातले चांगले-वाईट न निवडता शंभर दाणे मोजायला लावले. बायका सवयीने फुटके दाणे बाजूला काढायला लागल्या, तशी ती म्हणाली, “निवडू नगा. पेरताना तिफण निवडती व्हय?” गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळून अंगणात पसरला. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, दाणा दाण्याला लागणार नाही अशा. वर दुसरं ओलं गोणपाट, मग दोन्हींची हलक्या हाताने गुंडाळी, सुतळीने बांधलेली. अशा तीन गुंडाळ्या: एक आमच्या बियाण्याची, दोन शेजारणींच्या. त्या रांजणाच्या सावलीला ठेवल्या आणि रोज पाणी शिंपडायचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे दिलं.

आठवड्याने बायका परत जमल्या. सुतळी सोडली, गोणपाट उलगडलं आणि कोवळ्या कोंबांचा ओला, हिरवट वास आला. बहिणीने मोठ्याने मोजलं. आमचं बी सत्तरच्या बरंच वर होतं. शेजारच्या काकूंचं निम्म्याच्या आसपास अडकलं. बऱ्याच दाण्यांना नुसती बुरशी होती. काकूंचा चेहरा पडला. अक्काने त्यांना धीर दिला नाही की दोष दिला नाही. तिने एकेक विचारत नेलं. काढणीला पाऊस लागला होता का? बनीम भिजली होती का? मळणीयंत्र कोणाचं होतं, किती जोरात फिरवलं? पोती कशावर रचली, किती उंच? मळणीयंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला साडेतीनशे-चारशेच्या आत ठेवायचे, बी ठेवायला प्लास्टिकची पिशवी वापरायची नाही, पोत्यांची थप्पी उंच लावायची नाही, हे साहेबांच्या पत्रकात छापलेलंच होतं. पण पत्रकात ते सूचना म्हणून होतं. आमच्या अंगणात ते कारण म्हणून समजलं. ज्यांचं बी सत्तरच्या खाली आलं त्यांनी त्या मानाने एकरी बियाणं वाढवायचं, फारच खाली आलं तर ते विकून दुसरं आणायचं. निर्णय जूनच्या पहिल्या पावसाआधी हातात. खर्च शंभर दाण्यांचा.

त्या वर्षी मायने पिशवी आणली नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिने तिफणीला हात लावला नाही, गावातले पेरून मोकळे झाले तरी. बी चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ दिलं नाही. पेरलेलं उगवून आलं. यात चमत्कार काही नाही. कृषी सेवा केंद्रातल्या उधारीच्या वहीत आमच्या नावाचं पान त्या हंगामात कोरं राहिलं, एवढंच. माझ्या परभणीच्या पहिल्या वर्षाची फी त्या कोऱ्या पानातून निघाली, हे मला मायने फार नंतर सांगितलं.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यात स्थापन झालं, दुष्काळाच्या तोंडावर. मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या शेकडो पोरांना त्याने घडवलं, आणि त्या ऋणाविषयी वेगळं लिहावं लागेल. तिथे ‘विस्तार शिक्षण’ नावाचा विषय होता. त्यात एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकाचा सिद्धान्त शिकवत. नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे त्याने पाच गट पाडले आहेत. सगळ्यांत पुढे नवप्रवर्तक, सगळ्यांत शेवटी मागे रेंगाळणारे. पुस्तकातली ती घंटेच्या आकाराची आकृती वहीत उतरवताना मी मायला आणि अक्काला शोधत होतो. पुस्तकाच्या हिशेबाने दोघी शेवटच्या गटात पडत होत्या. पण दोघींनी नव्या गोष्टी कमी केल्या नव्हत्या. त्यांनी फक्त त्या छोट्या करून घेतल्या होत्या.

रॉजर्सची बाजूही सांगायला हवी. तो आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना यंत्रांची हौस, पण संकरित मक्याचं बी त्यांना नको होतं. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्यांचा संकरित मका तगला आणि यांचा उभा वाळला. म्हणजे न बदलण्यातही चूक असते आणि तिचीही किंमत शेतकऱ्यालाच पडते. अक्काच्या प्रश्नाला ही दुसरी धार आहे, हे मला त्या पुस्तकामुळे कळलं. ‘अन् चुकलं तर?’ हे तिने ‘करू नका’ या अर्थाने कधी वापरलेलं मला आठवत नाही. केलं आणि चुकलं तर काय जाईल, न करता चुकलं तर काय जाईल, हे दोन्ही ती मांडून घेते.

पदवी घेऊन परत आलो आणि एका संस्थेत प्रशिक्षक झालो. शेतीशाळा घ्यायला लागलो. शेतीशाळेची कल्पना मूळची इंडोनेशियातली. तिथल्या भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला होता आणि फवारे वाढवले तसे तुडतुडे वाढत गेले. १९८९ मध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने तिथे शेतकऱ्यांचे गट बांधावर बसवून किडी ओळखायला आणि मोजायला शिकवायला सुरुवात केली. आमच्याकडेही तेच करतात. सकाळी शेतात जायचं, झाडं निवडायची, मित्रकिडी आणि शत्रुकिडी मोजायच्या, मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढून एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला शत्रू मांडायचे आणि मग गटाने ठरवायचं की फवारणी करायची की नाही. हा प्रकार मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. गोणपाटावरच्या शंभर दाण्यांचंच ते मोठं भावंड होतं.

अशाच एका बैठकीत मी रुंद वरंबा सरी पद्धतीविषयी बोलत होतो. सोयाबीन चार ओळींच्या वरंब्यावर, बाजूला सऱ्या. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. पद्धत चांगली आहे, आजही मी ती शिकवतो. बोलणं संपलं आणि मागच्या रांगेतून प्रश्न आला. मी वही उघडली. अक्का म्हणाली, “वही ऱ्हाऊ दे. ह्यातल्या निम्म्या बायांना अक्षर येत न्हाई.” तिने घरातून चिंचोक्यांचं डबडं मागवलं आणि एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये असं ठरवलं. बी, खत, ट्रॅक्टरचं आणि पेरणीयंत्राचं भाडं, मजुरी, तणनाशक, एकेक ढीग बायकांनी स्वतः रचला. भाव त्यांना माझ्यापेक्षा जास्त पक्के माहीत होते. मग अक्काने विचारलं, पाऊस दगा देऊन गेला तर यातले किती चिंचोके मातीत जातील? बायकांनी जवळजवळ सगळा ढीग पुढे सरकवला. अक्का माझ्याकडे वळली.

“ह्यातला तुझा चिंचोका कंचा?”

एकही नव्हता. माझा पगार महिन्याच्या महिन्याला होणार होता. यंत्रवाल्याचं भाडं आगाऊ होतं. दुकानदाराची उधारी लिहिलेली होती. ढिगातला प्रत्येक चिंचोका समोर बसलेल्यांचा होता. मी तसं सांगितलं. अक्का म्हणाली, “मग आता आमच्या हिशेबानं बोल.”

आमच्या हिशेबाने म्हणजे काय, ते विद्यापीठाच्याच शिफारशींत होतं. मी ते शेवटच्या ओळीत ठेवलं होतं. यंत्र नसेल तर नेहमीसारखं पेरावं आणि पीक महिन्या-सव्वा महिन्याचं झालं की दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी गुंडाळून सरी पाडावी. बैलाची जोडी घरची, दोरी घरची. भाड्याचा ढीग बायकांनी डबड्यात परत टाकला. त्या हंगामात गटातल्या बऱ्याच जणींनी सऱ्या पाडल्या, काहींनी सगळ्या रानात, काहींनी फक्त पाणी साचतं त्या टोकाला. त्या बैठकीनंतर मी माझ्या प्रत्येक प्रशिक्षणाचा क्रम बदलला. आता मी सगळ्यांत स्वस्त पर्यायाने सुरुवात करतो आणि यंत्र शेवटी सांगतो.

महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलेलं दिसतं. म्हणजे एका पिढीत चुकीला जागाच उरली नाही. दहा एकरवाला एक एकर प्रयोगाला सोडू शकतो. तीन एकरवाल्याने एक एकर सोडला तर वर्षाच्या ज्वारीचा प्रश्न येतो. लहान शेतकऱ्याला ‘जोखीम घ्या’ म्हणून सांगणारी भाषणं मी खूप ऐकली आहेत. तो पाऊस, भाव आणि बियाणं या तिन्हींची जोखीम दर जूनला घेतो. त्याच्यावरची जोखीम कमी कशी करायची, हे सांगणारा माणूस त्याला हवा असतो.

२०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे कोरडे गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या काळात स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या बायका गावोगाव एक गोष्ट मागत होत्या: नवऱ्याने अर्धा किंवा एक एकर बायकोच्या हातात द्यावा. त्यात काय पेरायचं ते ती ठरवेल. आधी घरच्या ताटाला लागणारं: ज्वारी, तूर, मूग, उडीद, जवस, कारळ, भाजीपाला. शेणखत, गांडूळखत, थोडक्या पाण्यावर निभेल अशी पिकं. घरचं भागून उरेल ते विकायचं. एक एकर शेतीचा हा नमुना पुढे बराच गाजला. संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

अक्का आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि दादांकडे मायसाठी अर्धा एकर मागितला. दादा तोवर थकून गावी परतले होते. सोयाबीन सोडून भाजीपाला लावायचा, तोही दुष्काळात, हे त्यांना पटेना. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि तिचाच प्रश्न तिला परत केला. “अन् चुकलं तर?”

मी तिथेच होतो. अक्काला कोणी तिच्याच प्रश्नात पकडलेलं मी प्रथमच पाहत होतो. ती जराही अडली नाही. “चुकलं तर अर्धा एकर गेला, दादा. तुमचं सोयाबीन चुकलं तर तीन जात्यात. औंदा गेलेच की. घरात खायला काय हुतं मग?” दादांकडे याला उत्तर नव्हतं, कारण त्या वर्षी आम्ही ज्वारीही विकत आणली होती. मुरमाड बाजूचा अर्धा एकर मायला मिळाला. चांगला तुकडा द्यायला दादा तयार झाले नाहीत, आणि अक्कानेही हट्ट धरला नाही. त्या अर्ध्या एकरातून आम्ही श्रीमंत झालो नाही. किराण्याची उधारी हटली, मायच्या हातात आठवडी बाजाराचे पैसे यायला लागले, आणि पुढे शेतीच्या बैठकीचा निरोप तिच्या नावाने यायला लागला.

२०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या. आमच्या भागातही लोकांनी पिशव्यांतलं बी पेरलं आणि ओळीच्या ओळी रिकाम्या राहिल्या. दुबार पेरणीचा खर्च, त्यात टाळेबंदी. अक्काच्या गटांतल्या बायकांनी विकतच्या पिशवीचीही गोणपाटावर चाचणी केलेली होती. ज्यांना शंका आली त्यांनी पिशवी आधीच परत केली. ज्यांचं तरीही फसलं त्यांच्याकडे पावती होती, पिशवी होती, तिच्यावरचं लेबल होतं आणि मूठभर शिल्लक बी होतं. तालुक्याच्या तक्रार समितीने पंचनाम्याला येताना नेमकं तेच मागितलं. पुढच्या वर्षी कृषी खात्याने घरचं बियाणं आणि उगवणक्षमता चाचणी यांची मोठी मोहीम काढली. गावोगाव गोणपाटं उलगडली गेली. मोहिमेचे फोटो मी अक्काला दाखवले. ती म्हणाली, “चांगलं झालं. साहेब असते तर त्यास्नी बरं वाटलं असतं.” साहेब तोवर गेले होते.

अक्काच्या रीतीला न पोचणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि ते ती स्वतःच सांगते. २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या पुढे गेलेलं लोकांनी पाहिलं. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या खाली होता. भावातल्या या चढउतारावर गोणपाटाचा काही इलाज चालत नाही. आयात, तेलाचं शुल्क, साठा यांचे निर्णय जिथे होतात तिथे मागच्या रांगेत बसून प्रश्न विचारायची सोय नाही. मी शेतकरी उत्पादक कंपनीचा आग्रह धरतो, एकत्र साठवू, एकत्र विकू म्हणतो. अक्का साशंक आहे. “कंपनी बुडाली तर भागभांडवल कुणाचं?” असं तिने मला दोनदा विचारलं आहे आणि दोन्ही वेळा माझं उत्तर तिला अपुरं वाटलं. आमचा हा वाद चालू आहे. तिसऱ्यांदा जाईन तेव्हा चिंचोके बरोबर नेईन.

आता तिचे गुडघे दुखतात, बैठकांना येणं कमी झालंय. मागच्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेलो तेव्हा माझ्या हातात प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक होतं. निधी देणाऱ्यांना ते लागतं: नाव, गाव, क्षेत्र, सही किंवा अंगठा. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. “आलेल्या बाया मोजतूस व्हय? आलेल्या चहालाबी येत्यात. तू न जाता, न सांगता पुढल्या साली केलं किती जणींनी, ते लिहितूस का कुठं?”

छापील नमुन्यात तसा रकाना नाही. तो असावा म्हणून मी वरच्या कार्यालयात लिहून कळवलं आहे. त्यावर विचार चालू असल्याचं उत्तर आलं. तोवर प्रत्येक हजेरीपत्रकाच्या उजव्या समासात मी पट्टीने एक रेघ मारतो, वर ‘पुढच्या साली’ असं लिहितो आणि एका वर्षाने तो कागद घेऊन त्याच गावात जातो. काही पानांवर तो रकाना भरतो, काहींवर निम्मा राहतो. जिथे तो कोराच राहतो तिथल्या बायकांना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो की त्यांना नेमकी कशाची भीती वाटली. त्यांची उत्तरं ऐकून पुढचं प्रशिक्षण ठरतं.